पत्र न नेणारं तिकीट

दोस्तांनो, तुमच्या घरी तिकिटांचा आल्बम आहे का? तुमचा नसला, तरी बाबांचा, आत्याचा किंवा मामाचा एखादा जुना, पिवळ्या पानांचा आल्बम कपाटात कुठेतरी असेलच. एखाद्या रविवारी तो बाहेर काढा आणि एकेक पान नीट बघा. नशीब असेल, तर एक गमतीचं तिकीट सापडेल. त्याला दातेरी कडा आहेत, मागे डिंक आहे, छान रंगीत चित्रही आहे. पण कोपऱ्यात एक खूण दिसेल – दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रूस.

हे टपालाचं तिकीट नव्हे बरं का! नुसतं हेच चिकटवून पत्र पेटीत टाकलंत, तर पत्र घेणाऱ्याला दंड भरावा लागेल. पत्र नेण्यासाठी टपालाचं तिकीट वेगळं लावावं लागतं. याला म्हणतात ‘टीबी सील’. आई-बाबांना विचारा, त्यांच्या शाळेत बाईंनी किंवा सरांनी ही ‘टीबीची तिकिटं’ वर्गात आणली होती का. पुष्कळांना आठवेल. खाऊच्या पैशांतून एखादं तिकीट घ्यायचं, वहीवर चिकटवायचं आणि विसरून जायचं!

पण त्या पैशांचं पुढे काय झालं? चार-आठ आण्यांनी कुणाचा आजार बरा होतो का? आज याच प्रश्नाचा पाठलाग करूया. त्यासाठी आधी शंभराहून जास्त वर्षं मागे आणि खूप दूर, डेन्मार्कला जावं लागेल.

टपाल कारकुनाची कल्पना

१९०३ सालचा डिसेंबर. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. नाताळ जवळ आलेला. आपल्याकडे दिवाळीत जशी भेटकार्डांची गर्दी व्हायची, तशी तिकडे नाताळात होते. आयनार होल्बोल नावाचे एक टपाल कर्मचारी त्या कार्डांच्या ढिगाऱ्यात बसून काम करत होते.

त्या काळी युरोपात क्षयरोगाने थैमान घातलं होतं. क्षय म्हणजेच टीबी. हा रोग बहुधा फुप्फुसात घर करतो. खोकला, ताप, रोज थोडं थोडं झिजत जाणारं शरीर. घरात एकाला झाला की हळूहळू दुसऱ्याला, तिसऱ्याला व्हायचा. औषध नव्हतंच. हवेशीर जागी विश्रांती आणि पौष्टिक अन्न, एवढाच काय तो उपाय. त्यासाठी गावाबाहेर मोठमोठी आरोग्यधामं बांधली जात. त्यांना सॅनेटोरियम म्हणत. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर हे असंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं सॅनेटोरियम. पण गरिबाच्या मुलाला तिथे कोण ठेवून घेणार? आणि त्याचा खर्च कोण करणार?

होल्बोलसाहेबांच्या डोक्यात आलं, की एवढी कार्डं जात आहेत. प्रत्येक कार्डावर टपालाच्या तिकिटाशेजारी एक जास्तीचं, अगदी स्वस्त तिकीट लोकांनी हौसेनं चिकटवलं तर? एकाच्या खिशाला ते जाणवणारही नाही. पण सगळ्यांचं मिळून आजारी मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहील!

वरिष्ठांना कल्पना पटली. राजे नववे ख्रिश्चन यांनाही आवडली. १९०४च्या डिसेंबरमध्ये जगातलं पहिलं नाताळ-सील विक्रीला आलं. त्यावर दिवंगत राणी लुईझ यांचं चित्र होतं. किंमत फक्त २ ओर. (ओर म्हणजे तिकडचा पैसा; १०० ओरचा १ क्रोनर.) त्या पहिल्याच नाताळात ४० लाखांहून अधिक सील विकली गेली! पुढे याच पैशांतून कोल्डिंग या गावी मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं.

तीनशे डॉलर हवेत!

ही कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेला कशी गेली, तीही गंमतच आहे. अर्थात पत्रावर बसून! जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे, पण अमेरिकेत स्थायिक झालेले नामवंत पत्रकार. त्यांचे सहा भाऊ क्षयानं गेले होते. मायदेशाहून आलेल्या पत्रावर त्यांना हे सील दिसलं आणि १९०७मध्ये त्यांनी एका मासिकात त्याच्यावर लेख लिहिला.

तो लेख डेलावेअर राज्यातल्या एमिली बिसेल यांच्या वाचनात आला. त्यांचे एक चुलतभाऊ डॉक्टर होते. ते ब्रँडीवाइन नावाच्या नदीकाठी क्षयरोग्यांसाठी एक लहानसं, झोपडीवजा रुग्णालय चालवत होते. पैसे संपत आले होते. ३०० डॉलर मिळाले नाहीत, तर ते बंद करून रुग्णांना घरी पाठवावं लागणार होतं.

एमिलीबाईंनी स्वतःच सीलचं चित्र काढलं. एका रंगात छपाई स्वस्त पडते, म्हणून नुसता लाल रंग. ओळखीच्या लोकांकडून ४० डॉलर उसने घेतले, ५०,००० सील छापली आणि ७ डिसेंबर १९०७ला विल्मिंग्टनच्या पोस्टात टेबल मांडून विकायला बसल्या. किंमत १ सेंट.

सुरुवातीला विक्री बेताचीच झाली. मग त्यांनी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राची मदत मागितली. पत्रानं ती मोहीमच उचलून धरली. वर्तमानपत्र विकणारा एक पोरगा काउंटरपाशी आला, टाचा उंचावून त्यानं एक सेंट ठेवला आणि माझ्या बहिणीला हा रोग झालाय, मला एक द्या, असं तो म्हणाला, अशी आठवण तिकडे अजून सांगितली जाते. त्या नाताळात ३०० नव्हे, सुमारे ३,००० डॉलर जमले! पुढच्याच वर्षी हे सील साऱ्या अमेरिकेत विकलं जाऊ लागलं.

आणि तो दोन दांड्यांचा क्रूस? १९०२मध्ये बर्लिनला क्षयरोगावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे पॅरिसच्या एका डॉक्टरांनी सुचवलं, की क्षयाविरुद्धच्या लढाईची जगभर एकच खूण असावी. म्हणून हा क्रूस. तो आजही दिसतो.

इमारत बांधायची, की शोध लावायचा?

आता खरा पेच पुढे आहे. समजा, तुमच्या शाळेनं भरपूर पैसे जमवले. समोर दोन पर्याय आहेत. पहिला, आज आजारी असलेल्या शंभर जणांची खाटांची, दुधाची, अंड्यांची सोय करायची. दुसरा, काही शास्त्रज्ञांना प्रयोगशाळा द्यायची. ते दहा वर्षं काम करतील. कदाचित काही सापडेल, कदाचित काहीच नाही. तुम्ही कुठे द्याल?

बहुतेक जण म्हणतील, आजारी माणूस समोर असताना प्रयोग कसले करताय! आणि त्यात चूक काही नाही. भुकेल्याला आधी जेवण. पण नुसत्या खाटा वाढवत राहिलो, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच आजारी, पुन्हा तेवढ्याच खाटा. हा रोग मुळात कसा ओळखायचा, कसा थांबवायचा, हे कुणीतरी शोधायला नको का?

आणि क्षयाचा शोध तर फारच चिवट काम. २४ मार्च १८८२ला जर्मनीचे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा जंतू मोठा आळशी आहे. आपल्या आतड्यातले काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात! प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायलाच काही आठवडे जातात. भोवती मेणचट कवच असतं, त्यामुळे औषध सहजासहजी आत शिरत नाही. तेव्हा ज्या प्रयोगाचं उत्तर इतर जंतूंच्या बाबतीत दोन दिवसांत मिळतं, त्याला इथे दीड-दोन महिने. तोवर प्रयोगशाळेचं भाडं, वीज, काचसामान, मदतनिसांचे पगार हे सगळं चालूच राहणार. आता कळलं, संशोधनाला पैसा का लागतो आणि तो एकदाच देऊन का भागत नाही?

सील विकणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय क्षयरोग संघटनेनं म्हणूनच ठरवलं, की मदत, प्रचार हे सगळं चालू ठेवायचंच. पण काही पैसा संशोधनासाठी बाजूला काढायचा. त्या पैशातून काय झालं, ते आता बघू.

लंगडत चालणारी, पण न थांबणारी

फ्लॉरेन्स सायबर्ट या मुलीला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पाय अधू झाला, तो कायमचाच. तरीही ती शिकली. १९२३मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तेव्हा एक कोडं होतं. काही इंजेक्शनं दिली की रुग्णाला विनाकारण ताप चढायचा. सायबर्टबाईंनी छडा लावला. इंजेक्शनसाठी वापरलेल्या उकळून शुद्ध केलेल्या पाण्यातच जंतूंचे अंश राहून जात होते. पाणी गाळण्याची वेगळी रचना करून त्यांनी तो प्रश्न सोडवला. आज सलाईन लावताना आपण निर्धास्त असतो, त्यात या कामाचाही वाटा आहे.

मग त्या क्षयाकडे वळल्या. कॉख यांनी १८९०मध्ये जंतूंपासून ‘ट्युबरक्युलिन’ नावाचा अर्क काढला होता. त्यांना वाटलं होतं, हेच क्षयावरचं औषध! साऱ्या जगात आनंदीआनंद झाला. आणि मग कळलं, की ते औषध नाहीच. केवढी निराशा झाली असेल! पण त्या फसलेल्या औषधाचा एक उपयोग पुढे दिसला. त्याचा थेंबभर कातडीत टोचला, तर शरीरात क्षयाचे जंतू शिरलेल्या माणसाची ती जागा फुगून येते. म्हणजे औषध नाही, पण परीक्षा!

अडचण एवढीच, की अर्क गढूळ होता. प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. इथला डॉक्टर म्हणायचा जंतू आहेत, तिथला म्हणायचा नाहीत. आपल्या वर्गातल्या प्रत्येकाच्या पट्टीवर सेंटिमीटर वेगवेगळ्या लांबीचा असेल तर काय होईल? तसंच ते.

सायबर्टबाईंनी त्या अर्कातलं नेमकं कोणतं प्रथिन हे काम करतं ते शोधून, ते वेगळं आणि शुद्ध करायचं ठरवलं. गाळा, धुवा, सुकवा, तपासा, पुन्हा पहिल्यापासून. असं एक-दोन नव्हे, बरीच वर्षं चाललं. आणि एवढी वर्षं त्यांच्या कामाला अनुदान देत राहिली ती क्षयरोग संघटना, जिची तिजोरी सेंट-सेंटच्या सीलवर भरत होती. शुद्ध केलेल्या त्या प्रथिनाला ‘पीपीडी’ म्हणतात. १९४०च्या दशकात ते अमेरिकेत प्रमाण ठरलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही स्वीकारलं.

तुमच्यापैकी कुणाच्या हातावर डॉक्टरांनी एक बारीकशी सुई टोचून, पेनानं गोल काढून, दोन-तीन दिवसांनी दाखवायला या, असं सांगितलं होतं का? तीच ‘मॉन्टू टेस्ट’. त्या सुईत जे असतं, ते हे पीपीडी. १९०७मध्ये त्या पेपरवाल्या पोरानं ठेवलेल्या नाण्यासारखी लाखो नाणी पुढे वर्षानुवर्षं जमत गेली. तुमच्या हातावरचा तो गोल त्या नाण्यांशी जोडलेला आहे.

बंद पाकिटं

संशोधनाला पैसा सीलमधूनच येतो असं नाही. लोकांनी भरलेल्या करातूनही येतो. १९४३मध्ये अमेरिकेत रटगर्स इथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्यानं मातीतल्या एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं. ते क्षयाच्या जंतूला मारत होतं! पण माणसावर ते खरंच चालतं का, हे ठरवायचं कसं? काही रुग्ण तर नुसत्या विश्रांतीनंही बरे होतात.

ब्रिटनमध्ये सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं हे काम हाती घेतलं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. देशाकडे डॉलर नव्हते. सगळ्यांना पुरेल एवढं औषध विकत घेणं शक्यच नव्हतं. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी पद्धत बसवली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं, हे बंद पाकिटात आधीच लिहिलेलं. डॉक्टरला वशिला लावता येणार नाही, की मनानं निवड करता येणार नाही. एकूण १०७ रुग्ण. ५५ जणांना औषध, ५२ जणांना तेव्हाचा नेहमीचा उपाय म्हणजे विश्रांती. सहा महिन्यांनी मोजलं, तर औषध मिळालेल्यांपैकी ४ जण दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १४. १९४८मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आज जगात कोणतंही नवं औषध तपासतात, ते साधारण याच पद्धतीनं.

पण आणखीही एक गोष्ट दिसली. एकच औषध दिलं, की जंतू त्याला सरावतात आणि मग ते औषध चालेनासं होतं. म्हणून दोन-तीन औषधं एकदम द्यायची आणि पूर्ण मुदत संपेपर्यंत द्यायची. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, असं डॉक्टर दटावून सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

मद्रासनं जगाला दाखवलं

आता आपल्या देशात येऊ. १९५०च्या सुमारास भारतात क्षयाचे लाखो रुग्ण आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मूठभर. औषधं निघाली होती. पण ती घरी राहून घेतली तर चालतील का? दाटीच्या वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसं, पोटाला पुरेसं नाही, विश्रांती नाही. डॉक्टर म्हणत, छे, हे शक्य नाही! शिवाय घरातल्या मुलांना रोग लागेल त्याचं काय?

१९५६मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची तीच संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते उभं केलं. शहरातले गरीब रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकल्यासारखेच दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये. तिथे खाट, चांगलं जेवण, परिचारिका. दुसरा गट आपापल्या खोपटात. जेवण जसं मिळेल तसं. औषधं दोघांना तीच, वर्षभर.

१९५९मध्ये निकाल आला. दोन्हीकडचे बहुतेक रुग्ण सुधारले होते! घरी राहिलेलेही. आणि त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला का? तेही पुढे पाच वर्षं तपासत राहिले. नाही लागला. कारण औषध सुरू झालं, की रुग्णाच्या खोकल्यातून जंतू पसरणं लवकरच कमी होतं.

बघा हं, कशी उलटापालट झाली! होल्बोलसाहेबांनी सील काढलं ते सॅनेटोरियम बांधायला. आणि संशोधनानं दाखवून दिलं, की बहुतेकांना सॅनेटोरियमची गरजच नाही! वर्षभर आईबापांपासून दूर राहणारी मुलं, मुलांपासून दूर राहणाऱ्या आया, हे सगळं टळलं. एका आरोग्यधामात शंभर जण मावतात. या एका उत्तरात साऱ्या जगातले रुग्ण मावले. ते मद्रासचं केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आहे.

मग लढाई संपली का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि सुमारे साडेबारा लाख माणसं दगावली. रुग्णांपैकी दर चारातला एक भारतातला होता. साध्या क्षयाला सहा महिन्यांची औषधं पुरतात. पण औषधांना सरावलेल्या जंतूचा क्षय मोठा हट्टी. त्यासाठी पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे. त्यातल्या काही इंजेक्शनांनी तर कायमचं बहिरेपण यायचं.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना तरुणपणी क्षय झाला आणि उपचारांत त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांचंही तसंच झालं. इंजेक्शनांच्या ऐवजी देता येईल अशी ‘बेडाक्विलिन’ नावाची गोळी २०१२मध्ये अमेरिकेत मंजूर झाली होती. पण ती महाग होती आणि तिच्यावर पेटंट होतं, म्हणजे ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी ती बनवायची नाही. कंपनीला ही मुदत आणखी वाढवून हवी होती. २०१९मध्ये या दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २०२३च्या मार्चमध्ये कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी गरीब देशांसाठीची या गोळीची किंमत निम्म्याहून अधिक उतरली, आणि इतर कंपन्यांनाही ती बनवायची वाट मोकळी झाली.

यात विचार करण्याजोगी गोष्ट आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या गोळीच्या संशोधनावर कंपनीपेक्षा सरकारांनी आणि ना-नफा संस्थांनी जास्त पैसा खर्च केला होता. कंपनीनंही पैसा आणि मेहनत घातली होती, हे खरं. पण लोकांच्या पैशातून शोध लागला, तर तो लोकांना परवडायला नको का? तुमच्या वर्गात यावर वादविवाद ठेवा. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

आणि लस? तुमच्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा वण असेल. ती लस १९२१ सालची! लहान मुलांना ती क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे तिचा भरवसा देता येत नाही. शंभर वर्षं झाली तरी दुसरी लस का नाही? एक कारण पैशाचं. क्षय मुख्यतः गरिबांना होतो. गरिबांना विकून फार नफा होत नाही, म्हणून मोठ्या कंपन्या फारशा उत्सुक नसतात. २०२४च्या मार्चमध्ये एका नव्या लसीची शेवटच्या टप्प्यातली मोठी चाचणी दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. आफ्रिका आणि आग्नेय आशियातले २०,०००पर्यंत स्वयंसेवक तिच्यासाठी ठरवले गेले. तिचा सुमारे ५५ कोटी डॉलरचा खर्च उचलला तो दोन धर्मादाय संस्थांनी.

क्षयाच्या संशोधनासाठी २०२७पर्यंत वर्षाला ५ अब्ज डॉलर मिळावेत, असं २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्व देशांनी मान्य केलं. २०२२मध्ये प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे १ अब्ज. पाच पोळ्यांची भूक आणि ताटात एक पोळी!

आपण काय करायचं?

भारतात १९३९मध्ये भारतीय क्षयरोग संघटना स्थापन झाली आणि १९५०पासून टीबी सीलची मोहीम सुरू झाली. गांधीजयंतीला तिची सुरुवात होते. आता पत्रं कमी झाली, पण सील वहीवर, भेटकार्डावर, वाढदिवसाच्या पाकिटावरही शोभतं. शाळेत सील आलं तर जरूर घ्या. नाही आलं, तर सरांना विचारा. मात्र एक लक्षात ठेवा. पैसे देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यांचं पुढे काय झालं, हे विचारणंही महत्त्वाचं. यात उद्धटपणा काही नाही. एमिली बिसेल यांनाही उसने घेतलेल्या ४० डॉलरचा हिशेब द्यावाच लागला असणार!

आणि ज्यासाठी एक पैसाही लागत नाही, अशीही मदत आहे. घरात किंवा शेजारी कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्यांना बेडका तपासून घ्यायला सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. वर्गातल्या कुणाला क्षय झाला, तर त्याच्यापासून पळू नका. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा तो शाळेत येऊ शकतो. ताट-वाटीनं किंवा हात मिळवल्यानं हा रोग होत नाही. त्याच्या शेजारचं बाक रिकामं ठेवू नका.

हिशेब करून पाहा

१. डेन्मार्कमध्ये पहिल्या वर्षी ४० लाख सील २ ओरला एक याप्रमाणे विकली गेली असं धरा. एकूण किती क्रोनर जमले?

२. एमिली बिसेल यांना ३०० डॉलर हवे होते. १ सेंटचं एक सील, १०० सेंटचा १ डॉलर. किमान किती सील विकायला हवी होती? छपाईचे ४० डॉलर फेडायचे असतील तर किती?

३. क्षयाचा एक जंतू २० तासांत दुप्पट होतो. ५ दिवसांनी एकाचे किती होतील? २० मिनिटांत दुप्पट होणारा जंतू तेवढेच होण्यासाठी किती वेळ घेईल?

उत्तरं : १) ८०,००० क्रोनर. २) ३०,०००, छपाई धरून ३४,०००. ३) ६४, फक्त २ तास.

आई-बाबांसाठी

मुलांनी कुठल्याही आजाराच्या संशोधनासाठी देणगी द्यायची म्हटली, तर त्यांना नाही म्हणू नका. त्यांच्याबरोबर बसून चार गोष्टी तपासा. संस्था नोंदणीकृत आहे का? ती दरवर्षी तपासलेला हिशेब जाहीर करते का? मिळालेल्या पैशातला किती भाग रुग्णांच्या मदतीला, किती संशोधनाला आणि किती कचेरीच्या खर्चाला जातो? आणि पावती मिळते का? आणखी एक. संशोधनाला दिलेल्या पैशाचं फळ बहुधा लगेच दिसत नाही, कधी तर दिसतच नाही, हेही मुलांना आधीच सांगा. कॉख यांचं औषध फसलं होतं. त्याची परीक्षा व्हायला पुढे कित्येक वर्षं लागली. तेवढी वाट पाहणारे लोक होते, म्हणून ती झाली.